नावाचा सन्मान : फ्रान्समधील युद्धस्मरणाची रीत आणि महाराष्ट्रातील गावांपुढील कार्य

प्रस्तावना

युद्धात कामी आलेल्या माणसांचे स्मरण प्रत्येक समाज आपापल्या रीतीने करीत असतो. कोठे शिळा उभारली जाते, कोठे पोवाडा रचला जातो, तर कोठे देव्हाऱ्यातील टाकाच्या रूपाने घराण्यातील वीर पिढ्यान्‌पिढ्या पूजला जातो. विसाव्या शतकातील महायुद्धांनी या जुन्या रीतींपुढे एक नवाच प्रश्न उभा केला. मृतांची संख्या लाखांत गेली, अनेकांचे देह सापडले नाहीत आणि जे सापडले त्यांपैकी कित्येकांची ओळख पटली नाही. अशा वेळी सामान्य शिपायाचे स्मरण कोणी, कोठे आणि कशा स्वरूपात करावयाचे, या प्रश्नाला फ्रान्सने दिलेले उत्तर अभ्यासनीय आहे. प्रस्तुत लेखात फ्रान्समधील युद्धस्मरणाची घडण थोडक्यात मांडून, तिच्या प्रकाशात महाराष्ट्रातील, विशेषतः नाशिक परिसरातील, स्मरणपरंपरेचा विचार केला आहे. फ्रान्सच्या रीतीचा गाभा भव्य वास्तूंपेक्षा प्रत्येक मृताचे नाव त्याच्या गावात कोरण्यात आहे आणि आपल्याकडील उणीव नेमकी याच ठिकाणी आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

कायद्याने दिलेली ओळख

पहिल्या महायुद्धात (१९१४-१९१८) फ्रान्सचे सुमारे १३ ते १४ लाख सैनिक मृत्युमुखी पडले. त्या वेळी देशाची लोकसंख्या चार कोटींच्या आसपास होती. हे लक्षात घेतले म्हणजे मृत्यूने स्पर्श केला नाही असे कुटुंब किती विरळ असेल, याची कल्पना येते. युद्ध चालू असतानाच २ जुलै १९१५ च्या कायद्याने मृत सैनिकाच्या मृत्युनोंदीवर ‘मॉर पूर ला फ्रान्स’, म्हणजे ‘फ्रान्ससाठी मृत्यू पावला’, असा शेरा लिहिण्याची तरतूद झाली. वरकरणी ही केवळ दप्तरी नोंद. परंतु पुढील सर्व सन्मानाचा पाया तीच ठरली. २९ डिसेंबर १९१५ च्या कायद्याने अशा सैनिकांना शासनाच्या खर्चाने कायमस्वरूपी दफनभूमी मिळण्याचा हक्क दिला. पूर्वीच्या युद्धांत सामान्य शिपायाचा शेवट बहुधा सामुदायिक खड्ड्यात होत असे. तो प्रघात या कायद्याने मोडला.

युद्धानंतर २५ ऑक्टोबर १९१९ रोजी मृतांच्या स्मरणाविषयी स्वतंत्र कायदा संमत झाला. मृतांच्या नावांच्या नोंदवह्या तयार कराव्यात आणि स्मारक उभारणाऱ्या ग्रामसंस्थांना शासनाने अनुदान द्यावे, अशा तरतुदी त्यात होत्या. स्मारक उभारण्याची सक्ती मात्र नव्हती. निर्णय गावाचा, वर्गणी गावाची आणि जागाही गावाने ठरवावयाची, असे त्याचे स्वरूप होते. सक्ती नसतानाही पुढील काही वर्षांत सुमारे ३६,००० स्मारके उभी राहिली. स्मारक नाही असे गाव फ्रान्समध्ये आज अपवादानेच आढळते.

गावचौकातील स्तंभ

या ग्रामस्मारकांचे स्वरूप बहुतेक ठिकाणी साधे आहे. एक दगडी स्तंभ, त्यावर युद्धाची वर्षे आणि खाली नावांची यादी. ही यादी पुष्कळ ठिकाणी वर्णानुक्रमाने किंवा मृत्यूच्या वर्षानुसार केलेली असून अधिकारी आणि शिपाई असा भेद तीत सहसा केलेला नसतो. एकाच आडनावाची तीन-चार माणसे ओळीने दिसली की एकाच घरातील भाऊ किंवा चुलतभाऊ गेले असावेत, हे वाचणाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही. सर्वच स्मारके विजयाचा जयजयकार करणारी नाहीत, हेही ध्यानात घेतले पाहिजे. झाँतिऊ या लहानशा गावातील स्मारकावर मूठ उगारलेला एक अनाथ मुलगा दाखविला असून युद्धाचा धिक्कार करणारे शब्द तेथे कोरले आहेत. स्मरण आणि युद्धाचे समर्थन या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या गावाने शंभर वर्षांपूर्वीच ओळखले होते.

११ नोव्हेंबर हा युद्धविरामाचा दिवस २४ ऑक्टोबर १९२२ च्या कायद्याने राष्ट्रीय सुटीचा दिवस ठरला. त्यासाठी माजी सैनिकांच्या संघटनांना आग्रह धरावा लागला होता. या दिवशी गावोगावी लोक स्तंभापाशी जमतात. गावाचा प्रमुख किंवा शाळेतील मुले एकेक नाव उच्चारतात आणि प्रत्येक नावानंतर ‘मॉर पूर ला फ्रान्स’ हे शब्द म्हटले जातात. समारंभाचा हाच खरा प्राण होय. भाषण विसरले जाते. परंतु आपल्याच आडनावाचा उच्चार ऐकलेले मूल तो सहसा विसरत नाही.

ही परंपरा केवळ पहिल्या महायुद्धापुरती राहिलेली नाही. २८ फेब्रुवारी २०१२ च्या कायद्याने ११ नोव्हेंबर हा फ्रान्ससाठी प्राण दिलेल्या सर्वांच्या स्मरणाचा दिवस ठरविण्यात आला. ज्याच्या मृत्युनोंदीवर वरील शेरा आहे, त्याचे नाव त्याच्या जन्मगावच्या किंवा अखेरच्या वास्तव्याच्या गावच्या स्मारकावर कोरणे याच कायद्याने बंधनकारक केले. १९१५ मध्ये दप्तरात उमटलेला शेरा शंभर वर्षांच्या आत दगडावर उमटण्याचा हक्क बनला.

अनामिक सैनिक आणि ज्योत

ज्यांची ओळखच पटली नाही, त्यांचे काय? या प्रश्नाचे उत्तर ‘अनामिक सैनिक’ या कल्पनेत मिळाले. १० नोव्हेंबर १९२० रोजी व्हर्दून येथील किल्ल्यात निरनिराळ्या रणक्षेत्रांतून आणलेल्या, ओळख न पटलेल्या आठ सैनिकांच्या शवपेट्या मांडण्यात आल्या. त्यांतून एक निवडण्याचे काम ओग्युस्त तँ या तरुण शिपायाकडे सोपविण्यात आले. त्याचे वडीलही युद्धातच गेले होते. त्याने आपल्या १३२ व्या पलटणीच्या क्रमांकातील अंकांची बेरीज केली आणि सहाव्या पेटीवर पुष्पगुच्छ ठेवला. दुसऱ्या दिवशी ती पेटी पॅरिसच्या विजय कमानीत नेण्यात आली आणि २८ जानेवारी १९२१ रोजी कमानीखाली तिचे दफन झाले. ११ नोव्हेंबर १९२३ रोजी आंद्रे माजिनो यांच्या हस्ते तेथे ज्योत प्रज्वलित झाली. तेव्हापासून दररोज सायंकाळी ती नव्याने चेतविण्याचा विधी चालत आला आहे.

आपल्याकडे २६ जानेवारी १९७२ रोजी इंडिया गेटखाली प्रज्वलित झालेली अमर जवान ज्योत याच कल्पनेशी नाते सांगणारी होती. २१ जानेवारी २०२२ रोजी ती नव्या राष्ट्रीय युद्ध स्मारकातील ज्योतीत विलीन करण्यात आली. मात्र अनामिकाचा सन्मान आणि नावांची यादी यांचे नाते समजून घेणे आवश्यक आहे. ज्याचे नाव कळणे शक्यच नाही, त्याच्यासाठी अनामिकाची समाधी असते. ज्याचे नाव शोधल्यास सापडू शकते, त्याला अनामिक ठेवणे हा सन्मान म्हणता येणार नाही.

जिवंतांविषयीची जबाबदारी

फ्रान्समधील स्मरणाची दुसरी बाजू जखमी सैनिक, विधवा आणि मुले यांच्याशी निगडित आहे. ३१ मार्च १९१९ च्या निवृत्तिवेतन कायद्याने युद्धातील हानीची भरपाई हा नागरिकाचा हक्क मानला. २७ जुलै १९१७ च्या कायद्याने वडील गमावलेल्या मुलांना ‘राष्ट्राचे पाल्य’ म्हणून स्वीकारले आणि त्यांच्या पालनपोषणाची व शिक्षणाची जबाबदारी शासनाने उचलली. १९२६ मध्ये सैनिकांसाठी विशेष ओळखपत्र सुरू झाले. पॅरिसच्या सार्वजनिक वाहनांत युद्धात अपंग झालेल्यांसाठी आसने राखून ठेवलेली असत. अँव्हालीद या सैनिकी रुग्णालयातील जखमींनी कापडी निळी फुले बनवून विकावीत, या उपक्रमातून ‘ब्लए’ हे फ्रान्सचे स्मरणपुष्प रूढ झाले. आपल्याकडे १९४९ पासून ७ डिसेंबरला पाळला जाणारा सशस्त्र सेना ध्वज दिन आणि त्यानिमित्त होणारे निधिसंकलन हे याच जातीचे आहे.

ही कल्पना मराठी राज्यव्यवहाराला अपरिचित नव्हती. लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांच्या पोषणासाठी दिल्या जाणाऱ्या नेमणुकीला ‘बालपरवेशी’ अशी संज्ञाच आपल्या जुन्या कागदपत्रांत आढळते. अर्थात, मृताच्या कुटुंबाचा भार राज्याने वाहावा, हे तत्त्व आपण परदेशातून आणलेले नाही.

वगळलेली नावे

फ्रान्सची रीत निर्दोष आहे, असे मानण्याचे कारण नाही. पहिल्या महायुद्धात आज्ञाभंगाच्या किंवा पळपुटेपणाच्या आरोपावरून स्वतःच्याच सैन्याने गोळ्या घातलेले ६०० हून अधिक सैनिक दीर्घकाळ स्मरणाबाहेर राहिले. आफ्रिकेतील वसाहतींतून आलेल्या सैनिकांची निवृत्तिवेतने १९५९ च्या कायद्याने गोठविली गेली आणि ती फ्रेंच सैनिकांच्या बरोबरीला आणण्याची पावले २००६ नंतरच पडली. अल्जीरियातील संघर्षाला ‘युद्ध’ हे नाव अधिकृतपणे मिळण्यास ऑक्टोबर १९९९ उजाडावे लागले. तेथे फ्रान्सच्या बाजूने लढलेल्या अल्जीरियन ‘हार्कीं’ची झालेली उपेक्षा मान्य करणारा कायदा तर २०२२ मध्ये झाला.

तथापि एक गोष्ट नमूद केली पाहिजे. यादी गावचौकात उघडी असल्यामुळे तीत कोण नाही, हेही लोकांना दिसते. वगळलेल्यांना आपल्या नावासाठी भांडता येते ते यादी अस्तित्वात असल्यामुळेच. जेथे यादीच नाही, तेथे अन्यायाची दादही मागता येत नाही.

महाराष्ट्रातील स्मरणाच्या रीती

आता आपल्याकडे वळू. नाशिकजवळील पांडवलेण्यांतील तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्री या सातवाहन राजमातेचा शिलालेख आहे. तिच्या नातवाच्या, म्हणजे वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या, १९ व्या राज्यवर्षात तो कोरला गेला. शक, यवन आणि पल्हव यांचा पराभव करणाऱ्या आपल्या दिवंगत पुत्राचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, गौरव या मातेने त्यात केला आहे. मृत योद्ध्याचे आईने केलेले इतके जुने स्मरण नाशिकच्या डोंगरात असावे, ही अभिमानाची बाब आहे. परंतु नाव आहे ते राजाचे. ज्या शिपायांच्या बळावर ते विजय मिळाले, त्यांच्याविषयी लेख मौन बाळगतो.

दुसरी रीत वीरगळांची. गावाच्या वेशीवर किंवा देवळाच्या आवारात उभ्या असलेल्या या शिळांवर खालच्या चौकटीत लढाई, वर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर कलश किंवा चंद्रसूर्य असा क्रम सामान्यतः दिसतो. मुंबईतील एकसर येथील वीरगळांवर तर नौकायुद्ध कोरलेले आहे. येथे सन्मान राजाचा नसून लढणाऱ्या माणसाचा आहे, हे मोठेच अंतर होय. मात्र महाराष्ट्रातील बहुसंख्य वीरगळांवर लेख नाही. पराक्रम दिसतो, परंतु पराक्रम करणाऱ्याचे नाव हरपले आहे.

तिसरी रीत घराण्यातील वीरपूजेची. नाशिकमध्ये धुळवडीच्या दिवशी निघणारी वीरांची मिरवणूक सर्वपरिचित आहे. घराण्यातील पूर्वज-वीरांचे टाक या दिवशी वाजतगाजत गोदावरीवर स्नानासाठी नेले जातात. ही जिवंत परंपरा आहे. तिच्यात घराण्याची ओळख आहे आणि आपलेपणाही आहे. परंतु ते स्मरण कुळापुरते असते. कुळ स्थलांतरित झाले किंवा खुंटले की स्मरणही थांबते.

चौथी रीत इंग्रजी अमदानीत आली. पहिल्या महायुद्धानंतर सातारा, रत्नागिरी अशा जिल्ह्यांतील गावांत लहान शिलापट्ट बसविण्यात आले. या गावातून अमुक इतके लोक महायुद्धात गेले आणि त्यांपैकी अमुक इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर त्यांवर असतो. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणून ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात तेथील ४६ जण कामी आले आणि त्यांच्या स्मरणार्थ तेथे स्तंभ उभारण्यात आला, ही माहिती वारंवार सांगितली जाते. ४६ हा आकडा लोकांच्या ओठांवर आहे. मात्र त्या ४६ नावांपैकी चार नावे तरी जिल्ह्याबाहेर किती जणांना सांगता येतील?

संख्या आणि नाव

फ्रान्समधील शिळा आणि आपल्याकडील शिलापट्ट एकाच काळातील, एकाच युद्धाविषयीचे आणि आकारानेही फारसे भिन्न नाहीत. एकावर नावे आहेत, दुसऱ्यावर संख्या. हा भेद योगायोगाने आलेला नाही. तेथे स्मारक उभारणारे मृतांचे शेजारी होते. येथे शासन परके होते आणि त्याच्या लेखी गावाने किती मनुष्यबळ पुरविले, हा हिशेब महत्त्वाचा होता.

हाच भेद मोठ्या स्मारकांतही दिसतो. सप्टेंबर १९१४ पासून हिंदी सैन्य फ्रान्समध्ये उतरू लागले. त्यात खडकी येथील सॅपर्स अँड मायनर्सच्या तुकड्या होत्या. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी नव्ह-शापेल गावावरील हल्ल्यात या सॅपर्सच्या दोन कंपन्या ४७ व्या शीख पलटणीबरोबर लढल्या. त्याच गावाजवळ ७ ऑक्टोबर १९२७ रोजी हिंदी सैनिकांच्या स्मारकाचे अनावरण झाले. ज्यांच्या समाधीचा ठिकाणा नाही, अशा ४,७०० हून अधिक सैनिकांची नावे त्यावर आहेत. जवळच नोत्र दाम द लोरेत येथे ११ नोव्हेंबर २०१४ रोजी खुल्या झालेल्या स्मरणवलयावर ५,७९,६०६ नावे कोरलेली आहेत. त्या प्रदेशात मरण पावलेले फ्रेंच, ब्रिटिश, हिंदी आणि जर्मन सैनिक तेथे हुद्दा व राष्ट्र यांचा भेद न करता वर्णानुक्रमाने एकत्र आले आहेत. कालचा शत्रूही त्या यादीत आहे.

याउलट मराठा पलटणींचा मोठा भाग मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढला. सहाव्या पुणे डिव्हिजनमधील १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी कूटच्या वेढ्यात सापडल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी त्या सैन्याला शरण जावे लागले. या आघाडीवरील, समाधी ज्ञात नसलेल्या ४०,००० हून अधिक मृतांसाठी १९२९ मध्ये बसरा येथे स्मारक झाले. तेथे अधिकाऱ्यांची नावे कोरण्यात आली. हिंदी शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या देण्यात आली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात हा भेदभाव स्वतःच मान्य केला. प्रामुख्याने पूर्व आफ्रिकी आणि इजिप्शियन अशा किमान १,१६,००० मृतांचे स्मरण नावानिशी झालेले नाही, कदाचित मुळीच झालेले नाही, आणि ही संख्या ३,५०,००० पर्यंत असू शकेल, असे त्यात नमूद आहे. दिल्लीच्या इंडिया गेटवरही सुमारे ७०,००० मृतांपैकी १३,००० च्या आसपासच नावे आहेत. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रार्पण झालेल्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर २५,००० हून अधिक नावे आहेत; परंतु ती स्वातंत्र्योत्तर काळातील हुतात्म्यांची आहेत.

नाव जपले गेले म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्यापुढे आहे. नाईक यशवंत घाडगे हे आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत वयाच्या २२ व्या वर्षी ते धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे, तर इटलीतील मोन्तोने येथे जुलै २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघटिकेच्या रूपातील स्मारक उभे राहिले. पदकामुळे त्यांचे नाव टिकले. पदक न मिळालेल्यांचे काय?

स्मरणाविषयीचा एक आक्षेप

हे सैनिक परकीय साम्राज्यासाठी लढले, मग स्वतंत्र भारताने त्यांचे स्मरण का करावे, असा आक्षेप घेतला जातो. तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. शिपाई, खेचरांचे हाकारे, स्वयंपाकी, मजूर अशा नाना भूमिकांत गेलेल्या या माणसांपैकी अनेकांना दुष्काळ, कर्ज आणि तुटपुंजी जमीन यांनी भरतीकडे लोटले होते. म्हणूनच त्यांचे स्मरण साम्राज्याच्या गौरवापासून वेगळे करता येते. शासनाने त्यांची संख्या मोजली, कारण त्याला हिशेब हवा होता. गावाने त्यांचे नाव नोंदवावे, कारण ती गावची माणसे होती.

महाविद्यालयांना करता येण्याजोगे कार्य

फ्रान्समध्ये १३ लाखांहून अधिक मृतांच्या नोंदी संरक्षण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर खुल्या आहेत. त्यांची सूची तयार करण्याचे प्रचंड काम स्वयंसेवकांनी आपसांत वाटून घेऊन नोव्हेंबर २०१८ पर्यंत पूर्ण केले. पंजाबातील सुमारे ३,२०,००० सैनिकांच्या गाववार नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात होत्या. त्यांचा संगणकीकृत भाग नोव्हेंबर २०२१ पासून उपलब्ध होऊ लागला. असे कार्य आपल्या जिल्ह्यांतही शक्य आहे आणि त्यासाठी महाविद्यालयाइतकी योग्य संस्था दुसरी नाही.

साधनांची वानवा नाही. युद्धसमाधी आयोगाच्या खुल्या सूचीत अनेक हिंदी सैनिकांच्या नावापुढे वडिलांचे नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. तेथून आरंभ करता येतो. गावपातळीवर जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, म्हणजे कोतवाल बुक, तसेच वारसनोंदींचे जुने फेरफार तपासता येतात. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थपुरोहितांच्या कुळवार नामावळ्या हे तर या क्षेत्राचे वैशिष्ट्यच होय. परदेशात मृत्यू पावलेल्या सैनिकाचे श्राद्ध करण्यासाठी कुटुंब येथे आले असेल, तर त्या वह्यांत दुवा मिळण्याची शक्यता आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय स्वातंत्र्योत्तर काळासाठी साहाय्य करू शकेल. देवळालीची छावणी आणि तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र यांमुळे नाशिकचा सैन्याशी असलेला संबंध जुना आहे. या कामाला स्थानिक आस्था कमी पडू नये.

हे कार्य स्वभावतःच बहुविद्याशाखीय आहे. इतिहास विभागाने कागदपत्रे वाचावीत, मोडी जाणणाऱ्यांनी जुन्या वह्या उलगडाव्यात, मराठी विभागाने घराघरांतील ओव्या आणि आठवणी टिपाव्यात, भूगोल विभागाने गावांचे नकाशे करावेत, तर राष्ट्रीय सेवा योजना आणि राष्ट्रीय छात्रसेना यांच्या विद्यार्थ्यांनी दत्तक गावात पाहणी करावी. प्रत्येक नावासमोर आधार लिहिलेला असावा आणि आधार नसलेले नाव ‘पडताळणी बाकी’ म्हणून निराळे ठेवावे. उत्साहाच्या भरात केलेली खोटी नोंद विस्मरणापेक्षा अधिक घातक ठरते. कुटुंबीयांची संमती आणि जातिनिरपेक्ष, वर्णानुक्रमी मांडणी ही दोन पथ्येही पाळली जावीत.

समारोप

फ्रान्समधील अखेरचा ज्ञात महायुद्ध-सैनिक लाझार पॉन्तिचेली १२ मार्च २००८ रोजी वयाच्या ११० व्या वर्षी निवर्तला. साक्षीदारांची पिढी संपली, तरी तेथील गावांत नावे वाचली जातात, कारण ती दगडावर आहेत. आपल्याकडे पांडवलेण्यांत राजाचे नाव आहे, वीरगळावर निनावी पराक्रम आहे, देव्हाऱ्यात कुळाचा टाक आहे आणि शिलापट्टावर आकडा आहे. गावाने एकत्र जमून मोठ्याने वाचावी अशी यादी तेवढी नाही. ती करण्यासाठी मोठा निधी किंवा नवी वास्तू लागत नाही. एका तालुक्यातील एका महाविद्यालयाने दहा गावे निवडली, दोन शैक्षणिक वर्षे काम केले आणि ग्रामसभेपुढे पडताळलेली नावे ठेवली, तरी आरंभ होईल. ज्यांच्या नातवंडांना अजून काही आठवते, ती पिढीही आता वृद्ध झाली आहे. म्हणून हे काम पुढील वर्षावर टाकण्याजोगे नाही.